एक बाजार जाऊ दे

खाली कापडाच्या दुकानात बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी मान डोलावल्याशिवाय आमच्या ऑफिसात संगणकाचा एकही नियम लागू होत नसे. पुण्यातल्या माझ्या जुन्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्यांना वाटतं मी फेकते आहे. फेकत नाही. आर्वीच्या बाजारपेठेत एका कापड दुकानाच्या माडीवर आमची सात-आठ जणांची कंपनी आहे. खाली शेठच्या घराण्याचं पिढीजात कापड, वर छोट्या शेठची संकेतस्थळं. शाळा, पतसंस्था, वसतिगृहं अशा लोकांची संकेतस्थळं आम्ही बनवतो आणि सांभाळतो. त्या संकेतस्थळांच्या दारावर पहारा बसवायचं काम काकांचं होतं, आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या मोठ्या बाई, म्हणजे छोट्या शेठची आई, या काकांच्या परीक्षक होत्या.

काका नात्याने कुणाचेच काका नव्हते. हयात टेलिफोन एक्स्चेंजात तारा जोडण्यात गेली, मग स्वेच्छानिवृत्ती घेतली, आणि लोक ज्या वयात नातवंडांना शाळेत सोडायला जातात त्या वयात हा माणूस वेब ॲप्लिकेशन फायरवॉल शिकला. कसे शिकलात, असं विचारलं की म्हणत, "वाचून. तुमी काय पान्यात घोळून पेता का?"

आता ही फायरवॉल काय, तर दारातला पहारेकरी. संकेतस्थळावर पान बघायला, फॉर्म भरायला सतत कुणीतरी येत असतं. त्यात माणसं असतात, चोर असतात, आणि न थकता कड्या हलवून बघणारी यंत्रंही असतात. पहारेकऱ्याला डोकं नसतं, त्याला नियम लिहून द्यावे लागतात. नियमाच्या अर्ध्या भागात लिहायचं कुणाला ओळखायचं, आणि उरलेल्या अर्ध्यात लिहायचं ओळखल्यावर काय करायचं. जाऊ द्यायचं, अडवायचं, 'मी यंत्र नाही' अशी खूण करायला लावून पारखायचं, किंवा नुसतं मोजायचं. मोजणारा नियम कुणाच्या अंगाला हात लावत नाही. अमका आला होता, एवढीच नोंद करून त्याला पुढे सोडतो.

जगातले बाकीचे लोक अडवण्याच्या कामात रमतात. काकांचा जीव मोजण्यावर होता. नवा नियम कितीही शहाणा दिसला तरी ते त्याला आधी मोजणीवर बसवत, आणि कमीत कमी आठवडाभर बसवत. घाई केली की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "एक बाजार तं जाऊ दे." आठवडी बाजार पाहिल्याशिवाय कोणतंच गाव समजत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सहा दिवस रिकामा दिसणारा रस्ता सातव्या दिवशी पाय ठेवू देत नाही.

त्यांच्याकडे दोनशे पानी वही होती, शाळेतली असते तशी. त्यात नियमाचा क्रमांक, काय ओळखायचं, काय करायचं, आणि शेवटचा मोठा रकाना कारणाचा. कारण एका वाक्यात लिहायचं, आणि ते वाक्य मोठ्या बाईंना समजलं पाहिजे. काका वही घेऊन जिना उतरत, लुगड्यांच्या ढिगाऱ्याशी उभे राहून वाचत. गिऱ्हाईक असलं तर थांबत.

"बाई, बाहेर देशातून कोनी आलं तं त्याले अडवाव म्हनतो."

"काऊन? माही पोरगी दुबईत हाये. थे काय परकी झाली का?"

काका तसेच वर आले, नियमावर रेघ मारली आणि लाल पेनने लिहिलं, 'चूक होती.' मी हसत होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हस. पन दुबईची पोरगी तुह्या ध्यानात आलती का?"

नव्हती आली.

मी मूळची समुद्रपूरची. पाच वर्षं पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत काढली आणि आईच्या आजारपणामुळे परत आले. येताना तिथला पगार सोडला, पण तोरा बरोबर आणला. तिकडे राहून मी माझ्या जिभेवरचं समुद्रपूर घासूनपुसून लख्ख केलं होतं. फोनवर बोलले की घरचेच विचारत, कोणत्या मॅडम बोलताय? अशा मुलीला काकांच्या हाताखाली बसवल्यावर तिने काय करावं? मी मनातल्या मनात त्यांना म्हातारबुवा म्हणायचे.

म्हातारबुवा बाकी शेठलाही भीत नसत. छोट्या शेठच्या मेव्हण्याचं ऑफिस आमचंच संकेतस्थळ वापरायचं. एकदा त्यांना ती 'मी यंत्र नाही'ची खूण करावी लागली, याचा त्यांना अपमान वाटला. शेठनी परस्पर पहिल्या क्रमांकावर नियम घातला, मेव्हण्याकडून येईल ते जाऊ द्या. पहिल्या क्रमांकावर 'जाऊ द्या' म्हटलं की खालचे सगळे नियम त्या पाहुण्यापुरते झोपतात. पंधरा दिवसांत मेव्हण्याच्या संगणकाला कसला तरी रोग लागला आणि त्याच्यामार्फत घाण थेट आमच्या माजघरात. काकांनी ती निस्तरली, नियम उचलून सगळ्यात खाली टाकला आणि शेठना एवढंच म्हणाले, "जावई असला तरी पायताण बाहेरच काढाव लागते." शेठनी हे मोठ्या बाईंना सांगू नका म्हणून विनवलं. पण काका वही घेऊन केव्हाच जिना उतरले होते.

आणखी एक खूळ होतं त्यांचं. पहारेकऱ्याने कुणाला अडवलं की समोर जे पान दिसतं, ते त्यांनी स्वतः लिहिलं होतं: 'थांबवल्याबद्दल माफ करा. आमच्या पहारेकऱ्याला तुम्ही यंत्र वाटलात. माणूस असाल तर या नंबरवर फोन करा.' खाली त्यांचा स्वतःचा मोबाइल नंबर. लोक फोन करत, काका जेवता जेवता उचलत. कुणी 'जयभीम' म्हटलं तर दिलखुलास 'जयभीम', कुणी 'रामराम' म्हटलं तर 'रामराम', आणि मग, "बोला, कुठं अडले?"

मला त्या पानाची लाज वाटायची. कोणत्या कंपनीत असं असतं? एक दिवस त्यांच्या नकळत मी ते काढून टाकलं आणि जगभर असतं तसं इंग्रजी पान लावलं. 'मनाई' अशा अर्थाचा एकच शब्द, आणि त्यापुढे आकडा. दिसायला फार सुरेख होतं.

तेव्हा आमचं सगळ्यात मोठं काम होतं वर्ध्याला मुलींची वसतिगृहं चालवणाऱ्या एका संस्थेचं. प्रवेशाचे अर्ज आमच्या संकेतस्थळावर भरले जायचे. या अर्जाचं मोल सांगायला हवं. आर्वी तालुक्यातल्या रोहण्यासारख्या गावातून वर्ध्याला रोज जाऊन-येऊन कॉलेज करणं एसटीच्या वेळांत बसत नाही. वसतिगृहात जागा मिळाली तर पोरगी शिकते, नाही मिळाली तर घरी बसते आणि घरचे स्थळं बघायला लागतात.

अर्जांचा शेवटचा आठवडा होता आणि कुठलंसं यंत्र संकेतस्थळाला धडका देत होतं. पानं उघडायला वेळ लागे, संस्थेचे फोन येत, शेठ डोकं धरून बसत. मी नियम लिहिला, सतरावा: एकाच इंटरनेट जोडणीवरून पाच मिनिटांत दोनशेच्या वर मागण्या आल्या तर पकडा. पान उघडलं की एक मागणी, बटण दाबलं की आणखी एक. काकांनी तो मोजणीवर बसवला. चार दिवस मोजला, एकच सापडला, तो धडका देणारा. नियम सोन्यासारखा होता.

"आता अडवू या ना," मी म्हटलं.

"बाजार जायचा हाये अजून."

दुसऱ्या दिवशी अर्जांची शेवटची तारीख होती, संध्याकाळी पाचपर्यंत. काका सकाळी डोळे तपासायला गेले होते. शेठ दहा वाजता माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, "मॅडम, तुम्ही पुण्यात काम केलेलं आहे, तुम्हीच करा काही तरी." एवढी स्तुती मला पुरली. मी सतरावा नियम मोजणीवरून अडवण्यावर नेला. धडका थांबल्या, पानं वाऱ्यासारखी उघडायला लागली. शेठनी सर्वांना समोसे मागवले.

दीडच्या सुमाराला काका आले आणि जागेवर बसतात न बसतात तोच त्यांचा फोन वाजला. पलीकडची बाई इतकी मोठ्याने बोलत होती की मलाही ऐकू येत होतं. रोहण्यात एकच ऑनलाइन सेंटर, ते चालवणारी ताई होती. मागच्या वर्षी त्या माफीच्या पानावरून काकांचा नंबर तिने भिंतीवर लिहून ठेवला होता.

"काका, आमच्या पोरीईचे फॉर्म घेऊनच नाई राह्यलं. इंग्रजीत काईतरी येते. पोरी म्हनतात, आपलं नाव कटलं."

"किती जनी हायेत?"

"सदतीस होत्या. आज आमचा बाजार हाये नं, बापाईसंग आलत्या. म्या दोनदा नेट बंद करून चालू केलं. आता गेल्या सगळ्या पांगून. एक तं रडतच गेली."

सदतीस मुली, एक सेंटर, एक जोडणी. माझ्या नियमाला ते सगळं मिळून एक पिसाळलेलं यंत्र दिसलं होतं.

काकांनी फोनवर हात ठेवला. "सतरावा मोजून राह्यला का अडवून राह्यला?"

"अडवतोय," मी म्हटलं. काका ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मोजनीवर आन."

अडवायला जेवढी टिचकी लागली होती तेवढीच सोडायला लागली. दार उघडलं, धडका देणारं यंत्रही परत आलं, पण आता दारात मुलगी एकही नव्हती. घड्याळात पावणेदोन.

"ताई," काका फोनवर म्हणाले, "तुह्या बाजूले पंचायत हाये नं? भोंगा चालू हाये का? मंग माईकपुढं फोन धर." आणि त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला. "बोल."

"मी?"

"अडवलं कोनं? ज्यानं अडवलं त्यानंच बलावलं पाह्यजे."

मी घसा साफ केला. "नमस्कार. आज सकाळी तांत्रिक कारणास्तव काही विद्यार्थिनींचे अर्ज..."

काकांनी फोनवर पुन्हा हात ठेवला. "हे तांत्रिक कारन कोन होये? त्याचं नाव नाई का? पोरी घाबरून गेल्या, बेटा. आपल्या बोलीत बोल."

पाच वर्षं घासून काढलेलं समुद्रपूर मला वाटलं होतं गेलं. कुठे गेलं होतं? पहिल्या शब्दालाच आलं. "रोहण्याच्या पोरीईहो, मी आर्वीहून बोलून राह्यली. होस्टेलच्या फॉर्मवर तुमाले अडवलं नं, थे म्या अडवलं. चूक माही होये, तुमची नाई. कोनाचंच नाव कटलं नाई. पाच वाजेपर्यंत वापस या, ताई सेंटरवर बसली हाये."

भोंग्यातून माझा आवाज बाजारावर फिरून फोनमध्ये परत येत होता, त्यात कुणीतरी कांदे विकत होतं. काकांनी मला हेच तीनदा बोलायला लावलं. तिसऱ्यांदा बोलताना मला रडू फुटलं. ते भोंग्यावरून गेलं असणारच, कारण पुढे रोहण्यात माझी ओळख 'रडणारी मॅडम' अशी झाली.

मग आम्ही वाट बघत बसलो. नियम आता नुसता मोजत होता. ताईचे फोन येत होते, चार आल्या, अकरा, तेवीस. आकडा दोनशे ओलांडून गेला, तीनशे ओलांडून गेला, आणि मी प्रत्येक वेळी बघत होते की अजून मोजणीच आहे ना. पाचला दहा कमी असताना छत्तीस अर्ज झाले. राहिली ती रडत गेलेली. तिचं घर गावाबाहेर शेतात, भोंगा तिथवर पोचत नव्हता. भावाने मोटारसायकलवरून आणली तोवर पाच वाजून पाच मिनिटं झाली होती आणि संकेतस्थळ आपोआप मिटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आणि मी एसटीने वर्ध्याला निघालो. काकांच्या मांडीवर एक छापलेला कागद होता. पहारेकऱ्याच्या नोंदवहीतली एक ओळ: रोहण्याच्या सेंटरवरून अकरा बेचाळीसला अमुक क्रमांकाचा भरलेला अर्ज 'जमा करा' म्हणून आला, आणि त्याला अडवलं. बसमध्ये ते नेहमी वाचत बसायचे, त्या दिवशी बोलले.

"माह्या बापाले घराले जागा भेटनार होती. तीनदा गेलता थो ऑफिसात. तिन्ही डाव गेटवरच्यानं सांगतलं, साहेब नाई, अन् तुमाले आत कायले जायचं? कारन नाई सांगतलं कोनी. मंग कागदावर लिहून आलं, अर्जदार हजर झाला नाई." ते खिडकीबाहेर बघत होते. "हजर होता माहा बाप. तीन डाव हजर होता. पन आलता हे लिहून कोनं ठेवलं?"

ज्या माणसाच्या मोजण्यावर मी इतके दिवस हसले होते तो माझ्या शेजारी बसून तो कागद दोन्ही हातांनी धरून होता, आणि मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

संस्थेच्या मॅडमनी कागद वाचला. "म्हणजे मुलगी वेळेत आली होती."

"आलती. आमी घेतलं नाई," काका म्हणाले. मी म्हटलं, "मी घेतलं नाही." मॅडमनी दोघांकडे पाहिलं आणि सदतिसावा अर्ज हाताने लिहून घेतला. यादी लागली तेव्हा तिचं नाव त्यात होतं.

आर्वीला परतल्यावर काकांनी लाल पेन माझ्याकडे सरकवला. सतराव्या नियमापुढे माझ्याच अक्षरात आहे, 'चूक होती.' माफीचं पान मी न सांगता परत लावलं. त्यांनी तेही पाहिलं असणार.

त्यानंतर त्यांनी एक नवा नियम घातला. नाव, 'रोहणा'. रोहण्याच्या सेंटरवरून अर्जाच्या दिवसांत जे कुणी येईल त्याची मोजणी. पुढे काही नाही. कधी अडवायचं नाही, कधी पारखायचं नाही. शेठ म्हणाले, हा नियम करतो तरी काय? काका खाली गेले.

"कायले मोजता, भाऊ?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"पोरी येतात का नाई, थे पाह्याले."

"मंग ठीक हाये," मोठ्या बाई म्हणाल्या आणि गिऱ्हाइकापुढे लुगडं उलगडलं.

खरं तर तो आकडा मुलींचा नसतो, मागण्यांचा असतो. एका मुलीच्या अर्जात पन्नास होतात. हे काकांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. तरी दर वर्षी अर्ज संपले की तो आकडा वहीत लिहून ते खूश असत. मग डोळ्यांनी फारच छळायला सुरुवात केली आणि त्यांनी काम सोडलं. आता ते एसटी डेपोमागच्या घरी असतात, आवाजावरून गाडी कोणती ते सांगतात आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. वही माझ्याकडे आहे. माफीच्या पानावर नंबरही माझा आहे, आणि मी जेवता जेवता फोन उचलते. दर वर्षी रोहण्याचा आकडा मी त्यांना फोनवर कळवते. एक वर्ष अठराशे, मग अकराशे, मग चारशे. उतरत चालला होता. ते नुसतं "हं" म्हणत, आणि मला त्या 'हं'ची काळजी वाटायची.

यंदा अर्ज संपले, मी आकडा उघडला, आणि दिवसभर फोन करायचं टाळलं. शेवटी दिवेलागणीला केला.

"काका, यंदा रोहण्याचा आकडा शून्य आहे."

पलीकडे डेपोतून एक गाडी निघाल्याचा आवाज आला.

"सेंटर चालू हाये का?"

"आहे. ताई म्हणते, फॉर्म भरायला कोणी आलंच नाही."

"अर्जात गावाचं नाव असते नं? रोहणा लिहिलेले पाह्य."

हे मला सुचायला हवं होतं. मी पाहिलं. मग नीट पाहिलं.

"एक्कावन्न."

"किती म्हनतं?"

"एक्कावन्न, काका! एक्कावन्न पोरी हायेत. आपापल्या फोनवरून भरले पोरीईनं."

काका हसायला लागले. एवढं मोकळं हसताना मी त्यांना ऑफिसात कधी ऐकलं नव्हतं. "मंग काढ थो नियम. कोनाची वाट पाहून राह्यला आता थो तिथं?"

"कारण काय लिहू?"

"तुले जे वाटन थे. बाईले समजलं पाह्यजे."

मी लाल पेन काढला. वहीत त्या शाईने आजवर 'चूक होती' याशिवाय कुणी काही लिहिलं नव्हतं. मी एक वाक्य लिहिलं आणि वही घेऊन जिना उतरले. दुकान बंद व्हायच्या बेतात होतं, मोठ्या बाई शेवटच्या घड्या घालत होत्या. मी वाचलं, "पोरी आता आपापल्या येतात."

त्यांच्या हातातली घडी थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मान डोलावली. मी वर जाऊन टिचकी मारली.